साडेचारचा आवाज

माझा डावा कान लहानपणीच गेला. गालगुंड झाले होते. ताप उतरला, गालांची सूज उतरली, आणि पुन्हा शाळेत जाऊ लागलो तेव्हा लक्षात आलं की डावीकडे बसणारा मित्र नुसतेच ओठ हलवतो आहे. मला वाटलं, तो चेष्टा करतोय. त्याला वाटलं, मी भाव खातोय. आमचं त्यावरून भांडणही झालं.

घरी याचं कुणाला फार काही वाटलं नाही. वडील रेल्वेत होते. विदर्भातून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. त्यांचं म्हणणं असं, की पोराला अभ्यासाला एक कान पुरे, उरलेला एरवीही काय कामाला येत होता. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. एका कानानं ऐकू सगळंच येतं. पुढे महाविद्यालयात ग्रंथपालाची नोकरी लागली, तिथे तर थोडं कमी ऐकू येणं ही सोयच होती.

एक कान गेला की ऐकणं जात नाही, दिशा जाते. हे मला फार उशिरा, पुस्तकांत वाचून कळलं. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित आधी पोचतो आणि किंचित मोठा पोचतो; डाव्या कानापर्यंत जाईतो मध्ये डोकं आडवं येतं. हा फरक इतका बारीक असतो की आपल्याला तो कधी जाणवत नाही. पण मेंदू तेवढ्यावरून ठरवतो, की हाक इकडून आली. एकच कान असेल तर तुलना करायला काही उरत नाही. हाक ऐकू येते, ती कुठून आली ते कळत नाही. सगळ्या जगाचे आवाज उजव्या कानाच्या दारात येऊन उभे राहतात, आपला पत्ता न सांगता.

लग्नानंतर माझ्या बायकोच्या हे लक्षात आलं. मी तिला सांगितलं नव्हतं. तेव्हा मला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं. एकदा दाराची कडी वाजली आणि मी मागच्या अंगणात जाऊन पाहून आलो. त्या दिवसापासून घरात कुठलाही आवाज झाला की ती त्याचा पत्ता सांगू लागली. “समोरचं दार.” “कुकर आपला नाही, शेजारचा.” “पाल आहे, ट्यूबलाइटच्या मागे.” ही तिची सवय इतकी मुरली की घरात पाहुणे असले तरी ती बोलता बोलता मध्येच म्हणायची, “फोन, बैठकीत,” आणि पुन्हा गप्पा सुरू करायची. पाहुण्यांना वाटे, या बाईला सगळं मोठ्यानं सांगायची खोड आहे.

घरात ती नेहमी माझ्या उजवीकडे बसायची. रस्त्यावर मात्र डावीकडे चालायची. त्या बाजूनं येणारं वाहन मला ऐकू आलं तरी ते त्या बाजूचं आहे हे कळत नाही, म्हणून ती बाजू तिनं स्वतःकडे घेतली होती. त्यामुळे रस्त्यावर आमचं बोलणं होत नसे. ती बोलली तर मला नीट ऐकू आलं नसतं. थांबायचं असेल तर ती कोपर दाबायची, चालायचं असेल तर सोडायची. संध्याकाळी फिरायला निघालो की पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायका हसायच्या. “एवढं धरून चालता वहिनी, पळून जातील का भाऊजी?” ती म्हणायची, “गेले तर जाऊ द्या, पण गाडीखाली नको.”

गेल्या जानेवारीत तिचा जबडा दुखू लागला.

संक्रांत होऊन गेली होती, आणि घरोघरी हळदीकुंकू चालू होतं. तिनं यंदा तिळाच्या वड्यांचा पाक जरा जास्त चढवला होता. वड्या दगडासारख्या झाल्या होत्या. त्यावरून आमच्याकडे आठवडाभर थट्टा चालली होती. शेजारच्या वहिनी, म्हणजे नागपूरकडच्या, तिची जिवाची मैत्रीण, आल्या की म्हणायच्या, “काहून हो, वड्या केल्या का गिट्टी आणली भनपुरीच्या ट्रकातून?” तेव्हा जबडा दुखायला लागला यात कुणालाच नवल वाटलं नाही. आम्ही दोघं समता कॉलोनीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकेक दात ठोकून पाहिला. मागची एक दाढ खरंच तडकलेली निघाली. त्यांनी ती बुजवली आणि गोळ्या दिल्या. दुखण्याला कारण मिळालं होतं, ते आरशात दिसत होतं, आणि त्यावर हसतासुद्धा येत होतं. आम्ही निश्चिंत झालो.

दुखणं दाढेचं नव्हतं. नंतर हृदयाच्या डॉक्टरांनी मला ते शांतपणे समजावून सांगितलं, आणि पुढे मी ते पुस्तकांत पुन्हा पुन्हा वाचलं. हृदयाला आपलं दुखणं नीट सांगता येत नाही. जबड्याकडून, खांद्याकडून, हाताकडून मेंदूला दिवसभर काही ना काही कळवलं जात असतं: चावलं, लागलं, अवघडलं. हृदयाकडून आयुष्यभर असं काही कळवलं जात नाही. आणि एखाद्या दिवशी जातं, तेव्हा ते जबड्याच्याच वाटेनं जातं. मेंदू ओळखीच्या वाटेवरून आलेली तक्रार ओळखीच्याच माणसाच्या नावावर मांडतो. दुखतं एकीकडे, जाणवतं दुसरीकडे. ते खोटं नसतं, फक्त त्याचा पत्ता चुकलेला असतो. हे वाचताना मला वाटलं, हे तर माझ्या ओळखीचं आहे. बाहेरच्या आवाजांच्या बाबतीत मी जसा आहे, तसं प्रत्येकाचं शरीर आतल्या बाबतीत असतं. तिचे दोन्ही कान चांगले होते. पण हा आवाज कानांचा नव्हता.

दाढ बुजवल्यावरही दुखणं थांबलं नाही. उलट मान आणि डावा खांदाही धरल्यासारखा झाला. तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, चला, दुसऱ्या डॉक्टरले दाखवू, मी येते. दुपारची वेळ होती. आमच्याकडे नळ संध्याकाळी साडेचारला येतो, अर्धा तास राहतो. तेवढ्यात मोटर लावून वरची टाकी भरली नाही तर दुसऱ्या दिवशी हाल. ती मला म्हणाली, “तुम्ही नळासाठी थांबा. मी फोन करून आठवण देते.” दोघी ऑटोत बसून गेल्या. साडेचारला तिचा फोन आला नाही. नंतर आला तो वहिनींचा.

त्यापुढचे दिवस मी इथे लिहीत नाही. ते सगळ्यांच्या घरी सारखेच असतात.

मुलगी हैदराबादहून आली, तेरा दिवस राहिली, मग आणखी थोडी राहिली. घर माणसांनी भरलेलं होतं. मग सगळे गेले, आणि घरात आवाज कमी झाले. तेव्हा मला तो पहिल्यांदा ऐकू आला: टीट-टीट, टीट-टीट. मिनिटभर वाजून थांबला.

मी घड्याळाकडे पाहिलं. साडेचार.

तो काय आहे हे मला लगेच कळलं. गोलबाजारातून तिनं डबीएवढं एक डिजिटल घड्याळ आणलं होतं, खास नळासाठी. फोनच्या गजरावर तिचा विश्वास नव्हता. “तो सायलेंटवर राहिला म्हणजे?” ते घड्याळ तिच्याबरोबर घरभर फिरायचं. ती स्वयंपाकघरात असली तर तिथल्या खिडकीत, पापड वाळवायला गच्चीवर गेली तर कठड्यावर, वहिनींकडे बसायला गेली तर तिकडे. म्हणजे ते घरात कुठेतरी होतं. पण कुठे? खिडकीत नव्हतं. देवघरात नव्हतं. तिच्या उशाशी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आधीपासून तयार होऊन बसलो. आवाज सुरू झाल्याबरोबर उठलो. स्वयंपाकघरात गेलो तर तो तितकाच ऐकू येत होता, आतल्या खोलीत गेलो तर तितकाच. हा असा बारीक, एकसुरी आवाज भिंतींवरून उड्या मारत येतो. दोन कानांच्या माणसालाही तो चकवतो, मग माझं काय. मी कपाटं उघडली, डबे हलवले. मिनिट संपलं. घर गप्प झालं.

मग हे रोजचंच झालं. मी वाचलेलं सगळं वापरून पाहिलं. एका कानाचा माणूस मान फिरवून दिशा काढू शकतो, कारण डोकं आडवं आलं की आवाज थोडा बुजतो, बाजूला झालं की उघडतो. त्यासाठी लक्ष सगळं कानात हवं, म्हणून मी डोळे मिटले. पण डोळे मिटून मान फिरवली की माझा तोल जातो. गालगुंडांनी कानाबरोबर त्याच्या मागचं तोलाचं यंत्रही अर्धं नेलेलं आहे. कानाच्या आत तीन कमानी असतात, त्यांतलं पाणी हललं की मेंदूला कळतं डोकं कुठे वळलं. माझ्या डावीकडच्या कमानी केव्हाच गप्प झालेल्या. मी उभा राहतो तो डोळ्यांच्या आणि तळपायांच्या भरवशावर. डोळे उघडे ठेवले तर ऐकण्यात लक्ष राहत नाही, मिटले तर उभं राहता येत नाही. शेवटी चौकटीला धरून, डोळे मिटून, मी घुबडासारखी मान फिरवत उभा राहायचो. आवाज आतल्या खोलीकडचा असावा इतपत वाटायचं. मग थांबायचा.

थकायला व्हायचं. मी पुन्हा खुर्चीकडे वळायचो. पण उठलोच आहे तर नळ सोडावा, असं म्हणून नळ सोडायचो, मोटर लावायचो.

उन्हाळा लागला तसा कूलर सुरू झाला, आणि त्याच्या घरघरीत तो आवाज बुडाला. तेव्हापासून मी चार वाजताच कूलर बंद करून बसू लागलो. रायपूरचा मे महिना, आणि दारं-खिडक्या बंद. वहिनी एकदा ताक घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

“अहो भाऊजी, कूलर काहून बंद करून बसले? घामानं निथळून राहिले तुम्ही.”

“लाइट गेली होती.”

“पंखा तं सुरू आहे.”

त्यांनी ताक ठेवलं, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि गेल्या. मी त्यांना विचारू शकलो असतो. त्यांनी दोन पावलांत शोधून दिलं असतं. पण वहिनींना कळलं की मुलीला कळतं. आणि मुलीनं जाताना स्वच्छ सांगितलं होतं, की ती उन्हाळ्यात येईल आणि पाहील. मी एकटा राहू शकतो असं तिला वाटलं तर राहीन. नाही तर तिच्याबरोबर हैदराबादला. स्वतःच्या घरात वाजणारी वस्तू ज्याला सापडत नाही, त्याला कोण एकटं ठेवील?

मुलगी आली ती वहिनींनीच दुसरी एक गोष्ट सांगितल्यावर. चौकात ई-रिक्षा डावीकडून आली होती. ई-रिक्षाला इंजिनाचा आवाज नसतो, हॉर्न तेवढा वाजला. मी उजवीकडे पाहून थांबलो, आणि ती माझ्या डाव्या हाताला घासून गेली. लागलं काही नाही, सदऱ्याची बाही फाटली. वहिनी तिथेच भाजी घेत होत्या.

“मले राहवलं नाही,” त्या मला मागून म्हणाल्या. “सांगून टाकलं पोरीले. तुम्ही रागवा तं रागवा.”

मुलीनं आल्यावर दोन दिवस घर आवरलं. फ्रिज साफ केला, वहिनींशी कुजबुजली. तिसऱ्या दिवशी दुपारी चहा घेऊन समोर बसली. माझ्याशी बोलताना ती मराठीत सुरू करते आणि अवघड जागी हिंदीत जाते.

“बाबा, मी तिकीट काढू का दोघांचं?”

“मला इथे बरं आहे.”

“बरं आहे म्हणजे? सड़क पर कौन देखेगा? घरात कोण आहे सांगायला?”

“हे घर मला पाठ आहे. अंधारातसुद्धा पाय कुठे ठेवायचा ते पायाला माहीत आहे. तुझ्या बाराव्या मजल्यावर मी न्हाणीघर शोधताना पडेन.”

“वो सब बहाने हैं.”

“असतील.”

“और ये कूलर क्यों बंद किया? मेरा दम घुट रहा है.”

तेवढ्यात वाजलं. टीट-टीट, टीट-टीट.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिनं मान हलवली नाही, कप खाली ठेवला नाही. फक्त तिचे डोळे क्षणभर उठले आणि आतल्या खोलीच्या दारावरच्या माळ्याकडे जाऊन परत आले. दोन कानांच्या माणसाचे डोळे आवाजाकडे आपोआप जातात. ते त्याला ठरवावं लागत नाही, थांबवताही येत नाही. तिची आई पत्ता बोलून सांगायची. हिच्या डोळ्यांनी तो न बोलता सांगितला.

मी उठलो आणि माळ्याखाली जाऊन उभा राहिलो. वर रजया होत्या. आवाज अजून चालू होता.

“वर आहे ना?” मी विचारलं.

“क्या?”

“आईचं घड्याळ.”

ती कप घेऊन तशीच उभी राहिली. “तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नाही.”

“अरे बाबा! मला वाटलं तुम्हीच ठेवलंय चालू. हॉस्पिटलमधून आईची पर्स आली, ती मी तिथे ठेवली. रोज बजता था. मुझसे बंद नहीं हुआ. मला वाटलं तुम्हालाही ते नको असेल बंद करायला, इसलिए कुछ बोली नहीं. आणि तुम्ही इतके महिने…”

“शोधत होतो.”

“विचारायचं ना मग!”

“विचारलं असतं तर तू तिकीट काढलं असतंस.”

ती हसली की रडली हे मी पाहिलं नाही. स्टुलावर तीच चढली. मला चढू दिलं नाही. पर्स काढून माझ्या हातात दिली तोवर आवाज थांबला होता. आत तिचा रुमाल होता, दाढेच्या गोळ्यांची पट्टी होती, एका डबीत डॉक्टरांना द्यायला घेतलेल्या चार तिळाच्या वड्या होत्या, आणि बाजूच्या कप्प्यात घड्याळ. साडेचारला मला फोन करायचा होता, म्हणून ती ते बरोबर घेऊन गेली होती. आम्ही दोघं पलंगावर बसून राहिलो. मुलीनं एक वडी तोंडात घालून पाहिली आणि परत काढली.

“सचमुच गिट्टी,” ती म्हणाली.

मला आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, “बघ, हे असं आहे. मला घरातली वस्तू सापडत नाही. तू म्हणशील तसं.” खरं सांगायचं तर मी त्या वेळी इतका थकलो होतो की कुठेही गेलो असतो.

ती काही वेळ घड्याळ उलटंसुलटं करत बसली. मग एकदम उठली. मला वाटलं, तिकीट काढायला फोन आणायला गेली. पण ती गच्चीवर गेली. टाकीचं झाकण सरकल्याचा आवाज आला. तो कुठून आला हे मला माहीत होतं, कारण ती कुठे गेली ते मी पाहिलं होतं. ती खाली आली तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत ओला होता.

“टंकी आधीच भरली आहे. आज तर आपण नळ सोडलाच नाही.”

“कालचं पाणी असेल.”

“काल कुणी भरलं? मी तर बाजारात होते.”

“मीच. रोज भरतो. आवाज आला की उठायचो. सापडायचा नाही. मग उठलोच आहे तर नळ सोडायचो.”

“रोज?”

“रोज. एखादा दिवस चुकला असेल.”

ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. मग म्हणाली, “म्हणजे आवाज कुठे आहे ते कळलं नाही, पण काम तर झालंच ना.”

मी असा विचार केला नव्हता.

तिनं दोघांचं तिकीट काढलं नाही. पण मला सोडलंही नाही सहज. चौक एकट्यानं ओलांडायचा तर मान दोन्हीकडे पूर्ण फिरवायची. संध्याकाळच्या गर्दीत बाहेर पडायचं नाही. वहिनींना रोज तोंड दाखवायचं. वहिनी दारातून म्हणाल्या, “तोंड तं दाखवतीनच, ताक प्यायले येतात.” दिवाळीनंतर पुन्हा पाहू, असं ठरलं. स्टेशनवर जाताना ती सामान घेऊन माझ्या उजवीकडून बोलत चालली होती. रस्ता ओलांडायच्या वेळी बोलणं अर्धं ठेवून डावीकडे आली आणि तिनं माझं कोपर धरलं. पलीकडे गेल्यावर सोडलं आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं.

आता घड्याळ स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. मुलगी रोज त्याच वेळी फोन करू लागली होती. मी तिला सांगितलं, तसं नको. फोन उजव्या कानाला लावला की माझ्यापुरतं घर पूर्ण बंद होतं, मग ते वाजलेलं ऐकू येत नाही. आधी ते वाजून होऊ दे.

तेव्हापासून ती जरा थांबून करते.

“बाबा, बजा?”

“वाजलं.”

“नल?”

“सोडला. मोटर चालू आहे.”

“अच्छा,” ती म्हणते, आणि मग आम्ही दुसरं काही बोलतो.